नौकाविहारासाठी जवळचा तलाव निवडताना: कोणती गोष्ट आधी, कोणती नंतर

बहुतेक वेळा हे असं ठरतं. कुणीतरी एखाद्या धरणाच्या फुगवट्याचा सुंदर फोटो ग्रुपवर टाकतं, रविवार ठरतो, गाड्या ठरतात, डबे ठरतात. कोण कोणत्या बोटीत बसणार, त्या पाण्यात उतरायला परवानगी आहे का, दुपारी वारा कुठून येतो, हे सगळं काठावर पोहोचल्यावर बघितलं जातं. तोवर मुलं पाण्याकडे धावलेली असतात, आणि "आलोच आहोत तर" यापुढे कुणाचं काही चालत नाही.

क्रम उलटा हवा. आधी माणसं, मग बोट, मग त्या पाण्यावर हुकूम कुणाचा चालतो ते, आणि त्यानंतर खुद्द पाणी, वारा आणि काठ. तलावाचं नाव सगळ्यात शेवटी ठरतं. पुढचं सगळं वल्ह्याची होडी, पॅडल बोट, कयाक (एक-दोघांची अरुंद, वल्ह्याची बोट) आणि हवा भरायची बोट यांच्यासाठी आहे. भाड्याच्या मोटारबोटीत बसणाऱ्यांनाही बरंच उपयोगी पडेल.

१. बरोबर कोण आहे, ते आधी लिहून काढा

कागदावर नावं लिहा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: पोहता येतं का, आधी बोटीत बसलेत का, आणि दमा, फिट, हृदयविकार असं काही आहे का. यादीतलं सगळ्यात कच्चं नाव शोधा. तलाव त्या माणसासाठी निवडायचा आहे. गटातले दोघं पट्टीचे पोहणारे असले तरी त्यांच्या जोरावर पाणी निवडायचं नाही, कारण बोट उलटली की पोहणारा एका वेळी फार तर एकालाच धरू शकतो. तेही जमलं तर.

यादीत दहा वर्षांखालची मुलं, साठीपुढची माणसं किंवा पहिल्यांदाच बोटीत बसणारे असतील, तर शहरातलं किंवा गावालगतचं लहान, बांधलेल्या काठाचं, कर्मचारी हजर असलेलं पाणी निवडा. ठाण्याचा मासुंदा तलाव किंवा महाबळेश्वरचं वेण्णा लेक या जातीचं. समोरचा काठ दिसतो, आरडाओरडा ऐकू जातो, मदतीला दुसरी बोट असते. अशा पाण्याला "काय ते डबकं" म्हणून नाकं मुरडणारे बरेच भेटतात. सुरुवात तिथेच करावी, असं माझं ठाम मत आहे. पानशेत, मुळशी, भंडारदरा, तापोळा ही धरणांची मोठी पाणी नंतरची.

*तपासा:* मोठ्या माणसांपैकी निदान दोघांना बोट काठाला लावता येते का? एकालाच येत असेल आणि त्यालाच काही झालं, तर उरलेले सगळे नुसते प्रवासी ठरतात.

२. बोट ठरवा, मग तिला झेपेल असं पाणी

प्रत्येक बोटीची मर्यादा वेगळी. हवा भरायची बोट हलकी असते, म्हणून गाडीत मावते. पण हलकी असल्यामुळेच वारा तिला पाण्यावरून ढकलत नेतो. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त हवेच्या बोटी मुळात तरणतलावासाठी किंवा अगदी काठाजवळच्या खेळासाठी असतात, आणि तसं खोक्यावर छापलेलंही असतं. धरणाच्या मध्यावर त्या न्यायच्या नाहीत. शिवाय बाभळीचा एक काटा पुरतो.

पॅडल बोट स्थिर असते पण संथ. वाऱ्याविरुद्ध पाय मारून मारून माणूस दमतो आणि बोट जागच्या जागी राहते. तिला वारा अडवणारं, लहान तलावाचं पाणीच ठीक. कयाकला मात्र उलटल्यावर पुन्हा आत कसं चढायचं, याचा सराव काठाजवळ, कमरेइतक्या पाण्यात आधी झालेला हवा. तो झाला नसेल तर कयाक पाण्यात किती छान तरंगतो याला काही अर्थ नाही.

वल्ह्याची लाकडी किंवा फायबरची होडी आणि बरोबर स्थानिक नावाडी, ही नव्या लोकांसाठी सगळ्यात चांगली जोडी. त्याला वाऱ्याची वेळ माहीत असते, पाण्याखालचे दगड माहीत असतात.

३. हे पाणी कुणाच्या ताब्यात आहे, ते विचारा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. महाराष्ट्रातला प्रत्येक तलाव कुणाच्या तरी ताब्यात आहे, आणि ताबा कुणाचा यावर परवानगी, नियम आणि अडचणीत मदत कोण करणार हे अवलंबून असतं.

शहरातले तलाव बहुतेक महापालिका किंवा नगरपालिकेकडे असतात. तिथे बोटिंग ठेक्याने चालतं आणि स्वतःची बोट सहसा उतरवू देत नाहीत. पानशेत, वरसगाव, पवना, उजनी यांसारखी धरणं जलसंपदा विभागाची. धरणावरच्या शाखा कार्यालयात शाखा अभियंता बसतो, त्याच्याकडे चौकशी करायची. मुळशी, वळवण, शिरवटा, ठोकळवाडी हे जलाशय टाटा पॉवरचे आहेत. तिथे नियम कंपनीचे. पैठणचा नाथसागर आणि निफाडजवळचं नांदूरमध्यमेश्वर ही पक्षी अभयारण्यं आहेत, म्हणजे वन विभागाला विचारल्याशिवाय काही नाही. कोयनेच्या शिवसागरालाही अभयारण्य लागून आहे. बामणोलीहून बोटीने वासोटा किल्ल्याकडे जायचं तर वन विभागाची परवानगी घ्यावी लागते, हे ट्रेकर मंडळींना चांगलं माहीत असतं.

काही पाणी थेट पिण्याचं असतं. खडकवासल्यातून पुण्याला पाणी जातं, कास तलावातून साताऱ्याला. तिथे पाण्यात उतरण्याआधी बंदी आहे का, हे विचारणं आपलं काम. फलक दिसला नाही ही सबब नव्हे.

शिवाय बहुतेक जलाशयांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सोसायटीकडे असतो. त्यांची जाळी पहाटे पाण्यात असतात. जाळ्यावरून बोट घातली तर त्यांचं नुकसान होतं, आणि मोटारीच्या पंख्यात दोरी अडकली तर आपण अडकतो. एक दिवस आधी जाऊन त्यांच्याशी बोला. त्या पाण्याची सर्वांत खरी माहिती त्यांच्याकडेच असते.

भाड्याने मोटारबोट घेणार असाल तर चालकाकडे नोंदणी आणि तपासणीचा दाखला मागा. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला आहे. मोटारीवर चालणाऱ्या बोटीला नोंदणी, तपासणी आणि विमा लागतो. दाखला विचारल्यावर जो चिडतो, त्याच्या बोटीत बसू नका.

इशारा: दगडखाणीत साचलेलं पाणी या यादीत धरूच नका. कडे सरळ तुटलेले, खोली अचानक, वर चढायला उतार नाही. बाहेरून ते कितीही निळं आणि शांत दिसो.

४. घरबसल्या पाणी वाचा

आता नकाशा उघडा. गूगल अर्थवर जुन्या उपग्रहचित्रांची सोय आहे. त्याच तलावाचं ऑक्टोबरचं चित्र बघा आणि मग मे महिन्यातलं. ऑक्टोबरमध्ये पाण्याखाली असलेलं सगळं मे महिन्यात उघडं पडलेलं दिसतं: जुन्या रस्त्याची पट्टी, घरांचे चौथरे, बांध, विहिरी, झाडांचे बुंधे, खडकांच्या रांगा. आपली धरणं बुडीत गावांवर उभी आहेत. पवना धरणात पाणी उतरलं की वाघेश्वराचं मंदिर वर येतं, उजनीत पळसदेवचं.

धरण तुडुंब असताना हे सगळं खोल असतं, तळ गाठल्यावर डोळ्यांना दिसतं. खरा धोका मधल्या काळात, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. तेव्हा तेच बुंधे आणि भिंती पाण्याच्या पृष्ठभागाखाली हातभर असतात. गढूळ पाण्यात दिसत नाहीत, आणि हवेची बोट त्यावर फाटते. म्हणून मेच्या चित्रावरून या जागा आधीच टिपून ठेवा आणि मार्ग त्यांच्यापासून दूर आखा.

धरणसाठ्याचे आकडे रोज प्रसिद्ध होतात, पण टक्केवारी जपून वाचा. ती उपयुक्त साठ्याची असते, त्याखाली तळाशी राहणारा मृतसाठा तीत धरत नाहीत. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला जवळपास ६३ टीएमसी मृतसाठा. म्हणजे बातमीत "उजनी शून्य टक्के" आलं तरी तिथे माणूस बुडेल इतकं पाणी अफाट पसरलेलं असतं. उलट लहान धरणात चाळीस टक्क्यांनाच काठाचा गाळ उघडा पडून बोट उतरवायला जागा उरत नाही.

नकाशावर आणखी तीन ठिकाणं लाल करा: धरणाची भिंत, सांडवा, आणि पाणी बाहेर घेणारा मनोरा किंवा कालव्याचं तोंड. तिथे पाणी वरून स्तब्ध दिसतं आणि खालून ओढतं. तिथे तरंगते अडसर किंवा खुणेचे पिंप लावलेले असतील तर त्यांच्याजवळही जायचं नाही.

*तपासा:* जून ते सप्टेंबर धरणाच्या पाण्यात बोट नाही. विसर्ग कधीही वाढवतात आणि ओढ्यांतून ओंडके वाहत येतात.

५. वारा: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

तलावातले बरेच अपघात खोलीमुळे होत नाहीत, वाऱ्यामुळे होतात. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

वारा मोकळ्या पाण्यावरून जितका लांब वाहतो, तितक्या लाटा मोठ्या होतात. त्यामुळे तलावाचं क्षेत्रफळ बघू नका, त्याची लांबी कोणत्या दिशेला आहे ते बघा. सह्याद्रीच्या पूर्व उताराची धरणं आठवा. पवना, मुळा, आंबी, मोसी, प्रवरा या नद्या पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. साहजिकच त्यांवरचे जलाशय पूर्व-पश्चिम पसरलेले, डोंगरांच्या दोन रांगांच्या मध्ये, आणि धरणाची भिंत पूर्वेच्या टोकाला. उन्हाळ्यात दुपारी वारा पश्चिमेकडून येतो, दरीच्या तोंडातून जोराने घुसतो आणि पाण्याच्या पूर्ण लांबीवर वाहतो. म्हणजे वल्ही थकली की बोट कुठे जाणार? भिंतीकडे. ज्या जागेपासून दूर राहायचं, तिथेच वारा आपल्याला नेतो.

म्हणून असा जलाशय निवडलात तर मुख्य पात्र सोडा आणि बाजूच्या ओहोळात शिरलेलं, डोंगराच्या आडोशाचं, एखाद्या फाट्यातलं पाणी निवडा. नकाशावर असे फाटे हाताच्या बोटांसारखे फुटलेले दिसतात. त्या फाट्यात राहायचं, तोंडाशी आलं की वळायचं.

दुसरा नियम निघण्याच्या दिशेचा. जाताना वाऱ्याविरुद्ध जा, परतताना वारा पाठीशी घ्या. लोक नेमकं उलटं करतात. वाऱ्याबरोबर निघतात, बोट झरझर जाते, सगळे खूश होतात, आणि परतायच्या वेळी हात दुखत असताना समोरून वारा येतो.

तिसरी फसगत: आपण उभे असतो तो काठ वाऱ्याच्या आडोशाला असेल तर काठाजवळचं पाणी आरशासारखं दिसतं. शंभर-दोनशे मीटर आत गेल्यावर आडोसा संपतो. काठावरून जवळचं पाणी बघू नका, लांबचं बघा. लांबवर पाण्याचा रंग काळपट आणि खरबरीत दिसत असेल तर तिथे वारा आहे. लाटांच्या माथ्यावर इथेतिथे पांढरा फेस दिसू लागला तर वारा ताशी १२ ते १९ किलोमीटरच्या घरात आहे. फेस सगळीकडे वारंवार फुटतोय तर २० ते २८. नवख्या गटाने पहिला पांढरा फेस दिसताच काठ गाठायचा. पॅडल बोट आणि हवेची बोट तर त्याआधीच.

आणि वळीव. एप्रिल-मे आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत दुपारनंतर ढग उभे राहतात, आणि पावसाच्या आधी वाऱ्याचा झोत येतो. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीत कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. रोजचा मार्ग, ओळखीचं पाणी. म्हणून या महिन्यांत वेळ सकाळचीच. सूर्योदयानंतर उतरा, अकराच्या आत बाहेर या. सूर्यास्ताचा फोटो काठावरूनही छान येतो.

*तपासा:* निघण्याआधी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं "दामिनी" ॲप बघा, ते जवळपासच्या विजांची सूचना देतं. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर जातो. तीस सेकंद किंवा त्याहून कमी भरले तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, ताबडतोब पाण्याबाहेर या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरू नका. आणि एकट्या झाडाखाली थांबू नका, गाडीत बसा.

६. एकदा रिकाम्या हाताने जाऊन या

निवडलेल्या दोन-तीन तलावांपैकी जो पहिल्या पाच पायऱ्यांत टिकला, तिथे बोट न घेता, मुलांना न घेता जा. ज्या वेळी उतरणार, त्याच वेळी जा. सकाळी सातला उतरणार असाल तर दुपारी तीनला बघून काही कळत नाही.

काठावर चालून बघा. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की काठाला वाळलेला, भेगाळलेला गाळ दिसतो. वरून टणक वाटतो आणि पाण्याजवळ पाय मांडीपर्यंत आत जातो. लांब काठीने टोचत जा. उतरायची जागा मुरमाड किंवा खडकाळ, सौम्य उताराची हवी. शेवाळलेले दगड असतील तर दुसरी जागा शोधा.

जलपर्णी कुठे साचते ते बघा. वारा फिरला की तिचा थर एका रात्रीत या काठावरून त्या काठावर जातो आणि परतीची वाट बंद करतो. पाण्याचा रंग पोपटी, वर साय आल्यासारखा आणि वास कुबट असेल तर तो तलाव सोडा. अशा शैवालाने अंगाला खाज येते, आणि ते पाणी मुलांच्या किंवा कुत्र्याच्या पोटात जाणं वाईट. नाल्यांचं पाणी कुठून मिळतं तेही बघा. पवईसारख्या काही तलावांत मगरी आहेत. गावकऱ्यांना नेमका प्रश्न विचारा, "इथे मगर दिसते का, कुठल्या बाजूला?" नुसतं "सेफ आहे ना?" विचारलं की सगळे हो म्हणतात.

मोबाइलची रेंज काठावर आणि फाट्याच्या आत, दोन्हीकडे बघा. मुळशी-तापोळ्याकडच्या दऱ्यांत ती अचानक जाते. आणीबाणीचा ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ लागतो का, की रेंजसाठी टेकडी चढावी लागेल? सर्वांत जवळचं, चोवीस तास उघडं असलेलं रुग्णालय कुठे, आणि गाडी पाण्यापर्यंत येते का, हेही त्याच फेरीत.

शेवटी, सुटकेच्या जागा. मार्गावर दर अर्ध्या किलोमीटरला असा काठ हवा जिथे बोट लावून माणसं उतरवता येतील आणि पायी रस्त्याला लागता येईल. एका बाजूला कडे आणि दुसऱ्या बाजूला दाट रान असेल तर तो मार्ग नवख्यांचा नाही.

७. जॅकेट आणि भार, काठावरच

१८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीच्या मुलांची बोट उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. तो तलाव शहरातला होता, लहान होता. म्हणून पहिल्या पायरीत मी लहान तलाव सांगितला तरी ही पायरी सुटत नाही.

जॅकेट काठावर घालायचं, बोटीत बसल्यावर नाही. सगळे पट्टे लावा, मग खांद्यांना धरून वर ओढा. जॅकेट हनुवटीच्या वर, कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. मुलांच्या जॅकेटला दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा हवाच. तो नसेल तर मूल पाण्यात पडताच जॅकेटमधून खाली निसटतं. फोम दाबून बघा. दबलेलाच राहिला तर ते बाद. आतल्या चिठ्ठीवर तरंगवण्याचा जोर न्यूटनमध्ये लिहिलेला असतो. ५० न्यूटन लिहिलं असेल तर ते पोहता येणाऱ्यांसाठी, काठाजवळच्या वापराचं. पोहता न येणाऱ्यांना १०० न्यूटन किंवा त्याहून जास्त द्या.

बोटीवर क्षमता लिहिलेली असते. मुलं "अर्धी" मोजायची नाहीत, डोकी मोजायची. सगळे बसल्यावर बोटीची कड आणि पाणी यांत वीतभर तरी अंतर उरलं पाहिजे. उरलं नाही तर माणसं उतरवा, सामान नव्हे.

साडी, ओढणी, जीन्स भिजल्या की जड होतात आणि पायांत अडकतात. सुटसुटीत कपडे घाला. दारू प्यालेला माणूस, तो कितीही हक्काचा असला, काठावर राहील.

८. त्या दिवशी: जायचं की नाही

काठावर पोहोचलात की पंधरा मिनिटं काही उतरवू नका. लांबचं पाणी बघा, ढग बघा, नावाड्याला विचारा. पाणी वाढतंय किंवा उतरतंय का, ते बघायला काठावर एक काठी रोवा. नकाराचा अधिकार घरूनच एका माणसाला देऊन ठेवा आणि त्याच्याशी वाद घालायचा नाही असं ठरवा. सगळ्यांच्या मतावर सोडलं की कुणीच नाही म्हणत नाही.

काठावर एक माणूस ठेवा. त्याच्याकडे चार्ज केलेला फोन, बोटीत गेलेल्यांची यादी, परतायची वेळ. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात बोट दिसली नाही तर त्याने ११२ लावायचा, आणखी वाट बघत बसायचं नाही.

पहिली दहा मिनिटं काठाला समांतर, जवळूनच चला. बोटीत कुणी उभं राहायचं नाही, फोटोसाठीही नाही. सगळे एका बाजूला झुकले की स्थिर बोटही उलटते. उलटलीच तर बोट सोडू नका. बहुतेक बोटी उलटूनही तरंगतात, आणि शोधणाऱ्याला पाण्यात एकट्या डोक्यापेक्षा बोट लवकर दिसते. डोकी मोजा, मुलांना बोटीवर चढवा, शिट्टी वाजवा. काठ जवळ वाटतो म्हणून पोहत निघू नका.

९. पुढचं पाणी

परतल्यावर त्या तलावाच्या नावापुढे चार ओळी लिहून ठेवा: वारा किती वाजता उठला, कुठून आला, बोट उतरवायला कोणती जागा बरी, कोण आधी दमलं. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, अशा दोन्ही ऋतूंत एकदा-एकदा जाऊन आलात की त्या पाण्याची सकाळ कळते. मग यादीतलं कच्चं नाव अजून कच्चं आहे का ते पुन्हा बघा. तसं असेल तर पुढच्या खेपेलाही तोच लहान तलाव घ्या आणि त्या माणसाच्या हातात वल्हं द्या.